हरवलीस तर घड्याळाखाली उभी राहा

माझे वडील घड्याळजी होते. कराडला चावडी चौकाजवळ एका खणाचं दुकान. पुढे काचेची पेटी, तिच्यामागे स्टूल, आणि भिंतीवर आजोबांच्या वेळचं टोल्यांचं घड्याळ. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नाना उजव्या डोळ्याला भिंग लावून कामाला बसले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हा घरचा नियम. मनगटी घड्याळातला स्क्रू तिळाएवढाही नसतो. चिमट्यातून तो निसटला, की आम्ही भावंडं सबंध दुकान झाडायचो आणि तो केर पिठाच्या चाळणीनं चाळायचो. बहुतेक वेळा स्क्रू सापडायचा. सापडला की नाना आम्हाला पाच-पाच पैसे द्यायचे.

वर्षातून एकदा, मे महिन्यात, नाना मुंबईला माल आणायला जायचे. काचा, चाव्या, पट्टे, घड्याळाला ताकद देणाऱ्या मेनस्प्रिंगा, बॅलन्सचे स्टाफ म्हणजे बॅलन्सच्या चाकाचे बारीक दांडे. मोठा भाऊ एकदा त्यांच्याबरोबर जाऊन आला होता. १९८६ साली मी चौथी पास झाले आणि जेवताना नाना आईला म्हणाले, "यंदा हिला नेतो." आई म्हणाली, "पोरीच्या जातीला मुंबईच्या गर्दीत कुठं सांभाळत बसाल?" नानांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "ती चाळणीत स्क्रू शोधते. ती हरवायची नाही."

कराडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. रात्री टांग्यानं तिथं गेलो. नानांच्या बंडीच्या आतल्या खिशात पैसे, वर सेफ्टी पिन. माझ्याकडे आत्यासाठी दिलेली गुळाची छोटी ढेप आणि भाकरी-चटणीचं फडकं. महालक्ष्मी एक्स्प्रेसला सुट्टीची गर्दी होती. नानांनी मला खिडकीशी कोंबलं आणि स्वतः रात्रभर दाराजवळ वळकटीवर बसून राहिले. पहाटे खंडाळ्याच्या घाटात जाग आली तेव्हा गाडी बोगद्यांतून उतरत होती. मी बोगदे मोजायला लागले. एकोणीसपर्यंतचे आठवतात, पुढे पुन्हा डोळा लागला.

आत्या राहायची लालबागला. तिच्याकडे जायचं तर दादरला उतरणं सोयीचं. डबा अर्धा रिकामा झाला, हमालांची धावपळ झाली, पण नाना जागचे हलले नाहीत. म्हणाले, "दादरला उतरलं की मुंबई मागच्या दारानं दिसते. पहिल्यांदा आलेल्यानं व्हीटीलाच उतरावं."

व्हीटीला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरल्यावर त्यांनी मला इमारतीकडे बघूच दिलं नाही. खांद्याला धरून पुढे चालवलं, रस्ता ओलांडून दिला, पलीकडच्या फुटपाथवर नेलं आणि मग म्हणाले, "आता वळ."

मी वळले. रविवारची सकाळ, रस्ता बराचसा मोकळा, आणि समोर ते सगळं एकदम. माझ्या डोक्यात मोठी इमारत म्हणजे कॉलेज आणि सरकारी कचेरी. हे त्यातलं काहीच नव्हतं. हे दगडात कोरलेलं एक गावच होतं. त्यात माकडं होती, मोर होते, पानं होती, माणसांचे चेहरे होते. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलेला, दुसऱ्यावर वाघ. नाना म्हणाले, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण. घुमटाच्या टोकावर एक बाई उभी होती. प्रगतीची मूर्ती आहे म्हणाले. स्टीव्हन्स नावाच्या साहेबानं ही इमारत काढली, बांधायला १८७८ पासून दहा वर्षं लागली, हे सगळं नानांना पाठ होतं. पण हे सांगताना त्यांची नजर कुठे होती ते मला दिसत होतं. ते बघत होते मधल्या घड्याळाकडे.

"खाली कोनाडा दिसतो का? रिकामा?"

दिसत होता.

"तिथं व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलवला. राणी गेली, घड्याळ राहिलं." मग त्यांनी बाही वर सरकवून स्वतःच्या एचएमटीकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, आणि मान हलवली. जमलं होतं.

तिथेच उभ्या-उभ्या त्यांनी मला तो नियम दिला. "ही मुंबई आहे. हात सुटला तर रडायचं नाही, कुणाच्या मागं जायचं नाही. वर बघायचं. या भागात उंच घड्याळं आहेत. जे सगळ्यात जवळ दिसेल त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं. मी कुठंही असलो तरी तिथं येईन." मी म्हटलं, "नाना, आणि तुम्ही दुसऱ्याच घड्याळाखाली गेलात तर?" ते थोडे थांबले आणि म्हणाले, "तर मी सगळी घड्याळं फिरेन. तू हलायचं नाहीस."

तिथून त्यांनी मला जवळच बाजारगेट स्ट्रीटला नेलं, एक मनोरा दाखवायला. भर रस्त्याच्या मध्ये, इराणातल्या जुन्या राजवाड्यांच्या खांबांची आठवण करून देणारा, खाली पाण्याचं कारंजं, वर चारी बाजूंना घड्याळ. बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या नावानं लोकवर्गणीतून तो १८८२ साली उभा राहिला. त्या दिवशी त्याचे काटे हलत नव्हते. नाना त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत राहिले. "नुसतं धुवून तेल घातलं तरी चालेल," म्हणाले. किती उंचावर ते घड्याळ, केवढी त्याची चाकं असतील, पण त्यांच्या लेखी ते दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईकच होतं.

लालबागला आत्याची खोली चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पाच माणसं, आणि गॅलरीत ओळीनं वाळत घातलेले कपडे. आत्यानं मला पोटाशी धरलं, गुळाची ढेप हुंगली आणि तिचे डोळे भरून आले. आतोबा मात्र कोपऱ्यात पेपर घेऊन बसले होते. नानांना "या" म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले.

मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं, थोडं थोडं कळत होतं. आतोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गिरणी कामगार संपावर गेले, अडीच लाखांच्या आसपास माणसं, आणि त्यातली कितीतरी पुन्हा कामावर गेलीच नाहीत. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. आतोबांना गिरणीनं परत घेतलं नव्हतं. चार वर्षं झाली होती. सकाळी ते भाजीची पाटी घेऊन बसायचे, आणि आत्या पोळ्या लाटून द्यायची.

दुपारी झोपायच्या वेळेला मी आत्येबहिणीला विचारलं, तुमच्या घरात घड्याळ कसं नाही? घड्याळजीच्या मुलीला हे चटकन जाणवतं. ती म्हणाली, "लागायचंच नाही. भोंगा व्हायचा ना." मग तिनंच मला समजावलं. पहिली पाळी सातला, दुसरी साडेतीनला, रातपाळी बाराला. आधी जागं करणारा भोंगा, मग निघा म्हणणारा, मग दार बंद होण्याचा. सगळ्या लालबाग-परळला त्यावर चहा ठेवायचे, त्यावर पोरं शाळेला पाठवायचे, त्यावर नळाला रांग लावायची. प्रत्येक गिरणीच्या भोंग्याचा आवाज वेगळा, आणि बायकांना आपल्या माणसाच्या गिरणीचा बरोबर ओळखू यायचा. आतोबांच्या गिरणीचा भोंगा आता वाजत नव्हता. "तरी बाबा पहाटे साडेपाचलाच उठतात," ती म्हणाली.

संध्याकाळी आत्यानं कपाटातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं आणि नानांच्या पुढे ठेवलं. आतोबांचं एचएमटी जनता. लग्नात नानांनीच दिलेलं. "बंद पडलंय," आत्या म्हणाली. आतोबा पेपराआडून म्हणाले, "राहू दे गं. मला आता कुठं वेळेवर जायचंय."

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं. ते कायम त्यांच्याजवळ असायचं. मला म्हणाले, "पोरी, पांढरा कागद, एक वाटी, आणि खालच्या गॅरेजमधून चमचाभर पेट्रोल." गॅलरीच्या दाराशी जिथं शेवटचा उजेड येत होता तिथं ते मांडी घालून बसले. मागचं झाकण सुरीच्या टोकानं उचकटलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. बॅलन्सचं चाक सोन्याच्या नाण्यासारखं, त्याच्या पोटात केसाएवढ्या जाडीची गुंडाळलेली स्प्रिंग. ते चाक उलट-सुलट डोलतं आणि प्रत्येक डोलीला एक दात सोडतं, म्हणून टिकटिक येते. घड्याळाचा जीव तेवढाच. ते चाक निश्चल होतं.

नानांनी चाकं धरून ठेवणारा एकेक पूल सोडवला, एकेक चाक कागदावर ओळीनं मांडलं, ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं. जुनं तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. पेट्रोलच्या वाटीत चाकं बुडवली, ब्रशनं घासली, चाकांची टोकं ज्यात फिरतात त्या खड्यांची भोकं टोकदार काडीनं साफ केली. आतोबांनी पेपर खाली ठेवला होता. मग ते हळूच उठून आले आणि माझ्या शेजारी बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्याकडे साच्याला पण तेल कमी पडलं की असंच व्हायचं. धागा तुटायच्या आधी आवाज बदलतो."

नानांनी भिंग काढून त्यांच्याकडे पाहिलं. "आवाज कसा व्हायचा?"

आणि आतोबा बोलायला लागले. धोटा, ताणा, बाणा, एक माणूस किती साचे सांभाळायचा, कापसाच्या धुळीत कान आवाजाला कसा सरावतो. अंधार पडेपर्यंत ते बोलत होते आणि नाना चाकं बसवत होते. आत्या चूल सोडून दारात उभी राहून ऐकत होती. खूप दिवसांत ते एवढं बोलले नव्हते, असं ती मला कितीतरी वर्षांनी म्हणाली. शेवटी नानांनी सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेतला, खड्यांवर टेकवला, चावी दिली, आणि घड्याळ आतोबांच्या कानाशी धरलं. आतोबा डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "लंगडत नाही."

दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या मनगटावर होतं.

सोमवार हा खरेदीचा दिवस. करी रोडहून लोकल पकडून मस्जिदला उतरलो. तिथून अब्दुल रहमान स्ट्रीट. ती गल्ली मी अजूनही डोळे मिटून चालू शकेन. हातगाड्या, पाठीवर गासडी घेतलेले हमाल, "बाजू, बाजू" असा अखंड पुकारा, आणि त्या दाटीत घड्याळाच्या सामानाची दुकानं. दुकानात बसायला जागा नाही, पण भिंतभर इवले-इवले खण. प्रत्येक खणावर आकडा. नानांची यादी कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली. ते नुसता आकडा सांगायचे, मालक न बघता खण ओढायचा, आणि कागदाच्या पुडीतून मोहरीएवढे स्टाफ तळहातावर ओतायचा. नाना भिंग लावून एकेक पाहायचे. काचा डझनावर, पट्टे डझनावर. एका दुकानदारानं वापरलेल्या चाव्या पॉलिश करून नव्या म्हणून दिल्या. नानांनी त्यांच्या दातांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि पुडी न बोलता परत केली. बाहेर आल्यावर मला ती युक्ती शिकवली. नव्या चावीचे दात नखाला टोचतात, झिजलेल्यांवरून नख घसरतं.

त्या वर्षी प्रत्येक दुकानात एकच विषय होता, सेलची घड्याळं. जपानी मशीन, आत ना मेनस्प्रिंग ना बॅलन्स, बिघडलं तर अख्खं मशीन काढून टाकायचं आणि नवं बसवायचं. एक म्हातारा दुकानदार नानांना हिंदीत म्हणाला, "अपना काम अब दस साल का है." नाना हसले, पण त्या दुकानातून बाहेर पडल्यावर बराच वेळ गप्प होते. पुढच्याच वर्षी टायटनची घड्याळं बाजारात आली.

हात सुटला तो त्यानंतर. क्रॉफर्ड मार्केटच्या अलीकडच्या चौकात रस्ता ओलांडताना मधे हातगाडी आली, मी मागे सरले, नाना पुढे गेले, आणि हातगाडी गेल्यावर समोर नुसत्या पाठी होत्या. पांढरी टोपी शोधली तर दहा पांढऱ्या टोप्या. घशाशी रडू आलं. मग आठवलं, वर बघायचं.

वर मनोरा होता. अगदी समोर. मार्केटच्या कोपऱ्यावरचा, घड्याळाचा.

मी पळत नाही, चालत गेले. मनोऱ्याच्या पायथ्याशी दारावरच्या कमानीत दगडात कोरलेली माणसं आहेत, गव्हाच्या शेतात काम करणारी. हे कोरीवकाम लॉकवुड किपलिंगनं केलं, ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत, हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच वाटलं, की ही आपल्याकडची माणसं आहेत, आणि त्यांच्याखाली उभं राहायला बरं वाटलं. शेजारी हापूसच्या पेट्या रचल्या होत्या, पेंढ्याचा आणि पिकल्या आंब्याचा वास येत होता. मी काट्यावर नजर ठेवली. मोठा काटा मिनिटाला हलताना दिसत नाही, पण घड्याळजीच्या मुलीला बघायचं कसं ते माहीत असतं. तबकडीवरच्या एका खुणेवर नजर लावायची आणि काटा तिला शिवेपर्यंत पापणी लवू द्यायची नाही. आंबेवाल्यानं विचारलं, "काय गं बाय, कुणाची तू?" मी म्हटलं, "नाना येतायत." त्यानं एक पेटी उलटी करून मला बसायला दिली. मी बसले नाही. उभं राहायचं सांगितलं होतं.

सतरा मिनिटं झाली तेव्हा नाना आले. टोपी हातात, कपाळ घामानं निथळलेलं, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांचा हात मनगटावर गेला आणि ते आपल्या घड्याळाला चावी देत राहिले, दोन वेळा, तीन वेळा. चावी सकाळीच दिलेली होती. मग आंबेवाल्याला नमस्कार केला, त्याच्याकडून अर्धा डझन हापूस घेतले, भावही केला नाही. मला आठवतं त्याप्रमाणे त्यांनी आयुष्यात भाव न करता घेतलेली ती एकमेव वस्तू.

"मी आधी व्हीटीला जाऊन आलो," एवढंच म्हणाले.

तिथून पुढे त्यांनी माझा हात सोडलाच नाही. धोबीतलावला इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाशी बसून ब्रून मस्का चहात बुडवून खाल्ला. हुतात्मा चौकात मशाल धरलेल्या कामगार-शेतकऱ्याच्या पुतळ्यापुढे नानांनी टोपी काढली. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथं संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चा आला आणि गोळीबार झाला, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मग ओव्हल मैदान. पावणेचार वाजले होते. नाना घाई करत होते.

"कुठं जायचंय?"

"कुठं नाही. चारला इथं असायचंय."

मैदानाच्या कडेला ताडांच्या मागे राजाबाई टॉवर उभा होता. २८० फूट. मान मागे टाकून बघताना माझी रिबीन सुटली. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्यानं पैसे दिले आणि अट घातली, की मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं. सांगतात, की राजाबाई जैन होत्या, सूर्यास्ताच्या आत जेवायचा त्यांचा नेम, आणि त्यांना दृष्टी नव्हती. टोल ऐकून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलानं हे केलं. मनोरा पुरा झाला १८७८ साली. नानांना ही गोष्ट फार आवडायची. एका मुलानं आईला घड्याळ बांधून दिलं, आणि ते सगळ्या शहराला ऐकू गेलं, असं ते सांगायचे.

गवतावर बसून आम्ही हापूस चोखले आणि तेव्हा त्यांनी मला एकोणचाळीस मिनिटांची गोष्ट सांगितली. आजोबा मुंबईत भेंडीबाजारात एका उस्तादाकडे घड्याळाचं काम शिकले. त्या काळात मुंबईत दोन वेळा चालायच्या. सूर्य पूर्वेकडून येतो, म्हणून कलकत्त्याला दुपार आधी होते आणि मुंबईला उशिरा. प्रत्येक शहराचं आपापल्या सूर्यावर घड्याळ होतं. मग १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं सगळ्या देशाला एकच वेळ लावली, अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेषेवरची. ती मुंबईच्या सूर्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढे. मुंबईकरांनी ऐकलं नाही. गाड्या नव्या वेळेवर सुटायच्या, पण नगरपालिका कितीतरी वर्षं मुंबईच्याच वेळेवर चालली. अगदी स्वातंत्र्यानंतरही काही काळ. लग्नाची पत्रिका आली, की आधी विचारायचं, मुहूर्त मुंबई टाइम का स्टँडर्ड? आणि त्याच्याही आधी, आजोबांच्या उस्तादांच्या लहानपणी, रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, म्हणजे बाहेर रस्त्यावर एक वेळ आणि स्टेशनात शिरलं की अर्धा तास पुढची.

"मग खरी वेळ कुठली, नाना?"

"जी आपण चार माणसांनी मिळून धरली ती," नाना म्हणाले. "म्हणून तर घड्याळ उंचावर लावायचं. सगळ्यांना एकच दिसावं."

मग त्यांनी बोट वर केलं. गप्प बस म्हणून. बाही सरकवली. आधी सूर आले, घंटांचा एक छोटा तुकडा, वरून खाली उतरल्यासारखा. मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं थांबली नाहीत, हायकोर्टाकडून येणारे काळे डगले थांबले नाहीत. फक्त नाना थांबले होते. मग टोला. पहिला टोला पडला त्या क्षणाला त्यांनी चावी ओढून धरली होती. काटा जुळवला, चावी आत ढकलली. "अर्धं मिनिट मागं होतं," म्हणाले. काल व्हीटीला जमलेलं घड्याळ अर्धं मिनिट मागे कसं, हे मी विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की व्हीटीचं घड्याळ मिनिटाला दिसतं, सेकंदाला दिसत नाही. टोला मात्र सेकंदाला कळतो.

उरलेली मुंबई पटकन झाली. मंगळवारी सकाळी आत्येभावंडांबरोबर राणीची बाग, तिथेही दाराशी सॅसूनचा घड्याळाचा मनोरा. दुपारी गेटवे, गर्दी, खारे दाणे. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला, पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत त्याच्यापेक्षा मनोरेच भरले होते. रात्री आतोबा आम्हाला दादरला पोचवायला आले. गाडी यायच्या आधी त्यांनी मनगट पुढे केलं, नानांनी आपलं पुढे केलं, आणि दोघांनी घड्याळं जुळवली. आतोबा म्हणाले, "दोन दिवसांत अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही."

बुधवारी सकाळी ओगलेवाडीहून घरी न जाता नाना सरळ दुकानात गेले. मीही बरोबर. फळ्या काढल्या, उदबत्ती लावली. मग स्टुलावर चढून आजोबांच्या टोल्यांच्या घड्याळाचं दार उघडलं, लंबक हातानं थांबवला, एचएमटीकडे पाहिलं, आणि काटे लावले. एरवी ते रेडिओच्या वेळेवर लावायचे. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "रेडिओची वेळ ऐकलेली. ही आपण समोर बसून घेतलीय." बोट काढून घेतल्यावर लंबक हलू लागला. नाना कान देऊन ऐकत राहिले.

नऊच्या सुमाराला शेजारचा कापडवाला बाहेर आला, आमच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आपलं मनगटी घड्याळ लावून घेतलं. मग एसटी स्टँडकडे निघालेला एक कंडक्टर थांबला, त्यानं लावलं. मग शाळेचा शिपाई आला. सुट्टी असली तरी त्याला रोज नऊला येऊन घंटेच्या घड्याळाची वेळ जुळवायची असायची. मी पेटीवर हनुवटी टेकवून एकेकाकडे बघत होते. ते सगळे ओव्हल मैदानातला तो टोला आपापल्या मनगटावर बांधून नेत होते आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. नानांनी भिंग डोळ्याला लावलं होतं, म्हणून मी बोलले नाही.